हेगला बेलिफ नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे: "बलाढ्य देश मनाला येईल तेव्हा आंतरराष्ट्रीय कायदा मोडतात आणि त्यांचं कुणी काही वाकडं करू शकत नाही. मग त्याला कायदा तरी का म्हणायचं? आणि प्रत्येक देश शेवटी स्वतःचं हितच पाहणार असेल, तर करार, न्यायालयं, लवाद हा सगळा खटाटोप कशासाठी?"

गेली पंचवीसेक वर्षं मी देशादेशांतल्या वादांचं कागदोपत्री काम करतो आहे. करारांचे मसुदे, लवादापुढची कैफियत, आणि "हे केलं तर आपण कुठे अडकू का?" असं विचारणाऱ्या फायलींवरचे अभिप्राय. त्याआधी काही वर्षं दिवाणी न्यायालयात काढली. त्यामुळे तुमचा प्रश्न मला आधी तिथल्या भाषेत ऐकू येतो. दिवाणी वकील सांगतात की दावा जिंकणं हे अर्धंच काम, खरी दमछाक दरखास्तीत, म्हणजे निकालाच्या अंमलबजावणीत होते. हुकूमनामा हातात असतो, पण न्यायालयाचा माणूस, म्हणजे बेलिफ, जाऊन जप्ती करत नाही तोवर तो नुसता कागद. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे बेलिफ नाही. हरलेल्या देशाने निकाल मानला नाही, तर जिंकलेल्याने सुरक्षा परिषदेकडे जावं, एवढंच संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या कलम ९४ मध्ये लिहिलं आहे. आणि त्या परिषदेत पाच जणांकडे नकाराधिकार आहे. म्हणजे दरखास्त ज्यांच्यापुढे चालायची, त्यांच्यातच कधीकधी ऋणको बसलेला असतो.

हे अगदी असंच घडलेलं आहे. निकाराग्वाने ९ एप्रिल १९८४ ला अमेरिकेविरुद्ध दावा लावला: आमच्या बंदरांत सुरुंग पेरले, काँट्रा बंडखोरांना शस्त्रं आणि पैसा दिला. त्याच्या तीनच दिवस आधी अमेरिकेने कळवून टाकलं होतं की मध्य अमेरिकेतले वाद आता या न्यायालयापुढे चालणार नाहीत. पण न्यायालयाचा अधिकार मान्य असल्याचं तिने स्वतःच १९४६ साली लिहून दिलं होतं आणि त्या मान्यतापत्रात सहा महिन्यांच्या नोटिशीची अट होती. न्यायालयाने ती अट तिच्यावरच लागू केली आणि दावा चालवला. अमेरिका सुनावणीतून उठून गेली, १९८५ च्या ऑक्टोबरमध्ये मान्यताच काढून घेतली, आणि २७ जून १९८६ ला निकाल तिच्या विरोधात लागला. निकाराग्वा सुरक्षा परिषदेत गेला. अकरा मतं बाजूने, तीन तटस्थ, एक विरोधात. ते एक मत कुणाचं, हे सांगायला नको. पुढे निकाराग्वात सरकार बदललं आणि १९९१ मध्ये नव्या सरकारने दावाच मागे घेतला.

इथवर तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. मतभेद पुढच्या पायरीवर आहे. बेलिफ नसणं ही कुणाची चूक किंवा राहून गेलेली गोष्ट आहे, असं तुम्ही गृहीत धरता. ती चूक नव्हती. १९४५ मध्ये सनद लिहिणाऱ्यांनी हे दार पूर्ण शुद्धीत उघडं ठेवलं आणि त्यानंतर जवळपास प्रत्येक देशाने आपापल्या मापाने त्यात आणखी खिडक्या पाडल्या. आंतरराष्ट्रीय कायद्याच्या मर्यादा पाहायच्या असतील, तर तो मोडला गेल्याच्या बातम्या वाचून फार काही हाती लागत नाही. त्यात राखीव अटी कुठे आहेत, बाहेर पडायचं कलम काय म्हणतं, मान्यता कुणी आणि किती दिली आहे, हे पाहावं. राष्ट्रहित तिथे पांढऱ्यावर काळं लिहिलेलं असतं.

हेगच्या न्यायालयात कुणालाही जबरदस्तीने खेचता येत नाही. देशाची संमती लागते, आणि ती आगाऊ देऊन ठेवलेले देश १९३ पैकी सत्तरच्या आसपासच आहेत. नकाराधिकारवाल्या पाचांपैकी सध्या एकट्या ब्रिटनची ती आहे. फ्रान्सने आपल्या अणुचाचण्यांवरून दावे लागल्यावर १९७४ मध्ये काढून घेतली. भारताची संमती आहे, पण तिला इतके अपवाद जोडलेले आहेत की उरतं काय, ते भिंग घेऊन शोधावं लागतं. त्यातला एक अपवाद असा की राष्ट्रकुलातल्या देशांशी असलेले वाद यात धरायचे नाहीत. १० ऑगस्ट १९९९ रोजी भारतीय हवाई दलाने कच्छच्या सीमेवर पाकिस्तानी नौदलाचं अटलांटिक विमान पाडलं. त्यातले सोळाही जण मेले. पाकिस्तान हेगला गेला. आपण हाच अपवाद पुढे केला आणि २१ जून २००० रोजी न्यायालयाने १४ विरुद्ध २ मतांनी सांगितलं की हा दावा ऐकण्याचा आम्हाला अधिकारच नाही. विमान कुठे होतं, आधी कुणी काय केलं, यातल्या कशाचाही निवाडा झाला नाही. दारातच काम संपलं.

सतरा वर्षांनी त्याच न्यायालयात, त्याच शेजाऱ्याविरुद्ध, आपण फिर्यादी म्हणून उभे होतो. पाकिस्तानी लष्करी न्यायालयाने एप्रिल २०१७ मध्ये कुलभूषण जाधव यांना फाशी सुनावली. ८ मे रोजी भारताने दावा लावला आणि १८ मे रोजी फाशीला तात्पुरती मनाई मिळाली. दहा दिवसांत. दिवाणी न्यायालयात इतक्या दिवसांत नोटिशीची बजावणी होऊन आली तरी पुष्कळ. हे कसं जमलं? समोरच्या दाराने नव्हे. परदेशात अटक झालेल्या माणसाला त्याच्या देशाच्या दूतावासाशी संपर्क मिळाला पाहिजे, असं १९६३ च्या व्हिएन्ना कराराचं कलम ३६ सांगतं. त्या कराराला एक ऐच्छिक जोडपत्र आहे: यावरून वाद झाला तर हेगचं न्यायालय निवाडा करील. दोन्ही देशांनी ते स्वीकारलेलं होतं. राष्ट्रकुलाचा अपवाद तिथे लागू होत नाही.

म्हणून त्या खटल्यात जाधव दोषी की निर्दोष, हा प्रश्नच न्यायालयापुढे नव्हता. आपली सगळी मांडणी एका अरुंद फटीतून आत गेली होती: संपर्क दिला की नाही. निकाल १७ जुलै २०१९ ला आला, १५ विरुद्ध १. कलम ३६ चा भंग झाला, शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करा, तोवर फाशी देऊ नका. बातम्यांत 'भारताचा विजय' असा गजर झाला आणि तो खोटा नव्हता. पण शिक्षा रद्द करा, माणूस परत द्या, या आपल्या मागण्या न्यायालयाने नाकारल्या होत्या, ते पान फारसं कुणी वाचलं नाही. पुढे पाकिस्तानने संपर्क दिला, तो मोकळेपणाने दिला नाही अशी भारताची तक्रार राहिली. फेरविचारासाठी त्यांनी आधी अध्यादेश काढला, मग कायदा केला. जाधव अजून तुरुंगात आहेत. फाशी मात्र झालेली नाही.

याला यश म्हणायचं का? माझ्या धंद्यात याला चांगलं यश म्हणतात. ज्या देशाशी आपले संबंध जवळपास तुटलेले आहेत, ज्याच्यावर आपला दुसरा काही जोर चालत नव्हता, त्याच्या लष्करी न्यायालयाचा निकाल एका कागदाने थांबवला. त्या कागदामागे पोलीस नव्हते, पण पाकिस्तानचं स्वतःचं हित होतं. फाशी दिली असती, तर पुढच्या प्रत्येक व्यासपीठावर भारताला आयतं हत्यार मिळालं असतं, आणि पाकिस्तानला स्वतःला हेगला जायची वेळ येईल तेव्हा तोंड उरलं नसतं.

या जोडपत्राचा इतिहास मला फार आवडतो, म्हणून थोडं विषयांतर करतो. ते पहिल्यांदा वापरलं कुणी? अमेरिकेने. १९७९ मध्ये तेहरानच्या दूतावासातले कर्मचारी ओलीस धरले गेले, तेव्हा अमेरिका याच आधारावर इराणविरुद्ध हेगला गेली आणि जिंकली. पुढे तेच शस्त्र उलटलं. अमेरिकेत फाशीच्या शिक्षेवर असलेल्या परदेशी कैद्यांना दूतावासाशी संपर्क दिला नव्हता, म्हणून आधी जर्मनी आणि मग मेक्सिको तिच्याविरुद्ध गेले आणि दोघेही जिंकले. मेक्सिकोचा निकाल २००४ चा, पन्नासेक कैद्यांचा. राष्ट्राध्यक्ष बुश यांनी राज्यांच्या न्यायालयांना निकाल पाळा असं कळवलं आणि त्याच सुमारास, मार्च २००५ मध्ये, जोडपत्रातून अमेरिकेचं नावही काढून घेतलं. टेक्सास राज्याने राष्ट्राध्यक्षांचं ऐकलं नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितलं की हेगचा निकाल आपोआप आमच्या राज्यांवर बंधनकारक होत नाही. त्या कैद्यांपैकी एकाला ऑगस्टमध्ये मृत्युदंड दिला गेला.

यात एक गोष्ट लक्षात घ्या. आपण 'अमेरिकेचं हित' म्हणतो, पण तिथे एका वेळी दोन हितं भांडत होती. परदेशात अटक होणारे अमेरिकी नागरिक वाचवायचे, तर करार पाळणं वॉशिंग्टनच्या हिताचं होतं. टेक्सासमध्ये निवडून यायचं, तर फाशी देणं तिथल्या नेत्यांच्या हिताचं होतं. 'राष्ट्रहित' हा शब्द कुणी वापरला की मी आधी पाहतो की बोलणारा कुठल्या खुर्चीत बसला आहे.

आता कायदा पाळला जातो कुठे, ते पाहू. रोजच्या कामात तर तो बिनबोभाट पाळला जातो. विमानं परक्या आकाशातून जातात, पत्रं पोचतात, रेडिओच्या लहरी एकमेकींत मिसळत नाहीत, दूतावासांच्या बॅगा उघडल्या जात नाहीत. तिथे मोडण्यात कुणाचा फायदा नाही. ते सोपं आहे, सोडून देऊ. अवघड प्रश्न असा की बलाढ्य देश आपल्या तोट्याचा निकाल कधी मानतो?

दोन निकाल शेजारी ठेवतो. बंगालच्या उपसागरात भारत आणि बांगलादेश यांच्यात सागरी हद्दीचा वाद होता. समुद्र कायद्याच्या करारानुसार लवाद बसला आणि ७ जुलै २०१४ रोजी त्याने वादग्रस्त २५,६०२ चौरस किलोमीटरपैकी १९,४६७ चौरस किलोमीटर बांगलादेशाला दिले. तीन चतुर्थांशाहून जास्त. लवादातल्या भारताने नेमलेल्या सदस्याने काही मुद्द्यांवर भिन्नमत नोंदवलं, पण सरकारने निकाल स्वीकारला. दोन वर्षांनी, १२ जुलै २०१६ रोजी, त्याच कराराखाली बसलेल्या दुसऱ्या लवादाने दक्षिण चीन समुद्रावरचा चीनचा ऐतिहासिक हक्काचा दावा फिलिपीन्सच्या अर्जावर फेटाळला. चीन सुनावणीलाच आला नव्हता. निकाल रद्दी कागद आहे, असं त्याने जाहीर केलं.

यावरून भारत सज्जन आणि चीन दुर्जन असं म्हणायचा मोह होतो. मीही काही व्याख्यानांत तसं बोलून टाळ्या घेतल्या आहेत. पण हिशेब पाहा. बंगालच्या उपसागरातली हद्द ठरत नाही तोवर तिथे तेल आणि वायू शोधायला कुठलीही कंपनी येत नव्हती, कारण वादातल्या पाण्यात कुणी पैसा घालत नाही. ढाक्यातलं तेव्हाचं सरकार दिल्लीला अनुकूल होतं आणि ईशान्येकडची सुरक्षा त्याच्यावर अवलंबून होती. त्या समुद्राच्या तुकड्यापेक्षा हे मोठं होतं. चीनच्या बाजूने पाहिलं, तर त्या समुद्रातून त्याचा व्यापार जातो, तिथे त्याने बेटं भरून धावपट्ट्या बांधलेल्या आहेत आणि माघार घेतली तर घरी राजवटीची पत जाते. दोघांनीही स्वहितच पाहिलं. भारताचं हित निकालाच्या बाजूला पडत होतं, चीनचं विरुद्ध बाजूला.

तरी तो रद्दी कागद दहा वर्षांनीही मेलेला नाही, आणि यात माझ्या कामातली एक बारीक गंमत आहे. २०१६ मध्ये निकाल आला तेव्हा भारताने त्याची 'नोंद घेतली'. आमच्या भाषेत याचा अर्थ: वाचलं, पुढे बघू. जून २०२३ मध्ये भारत आणि फिलिपीन्सच्या परराष्ट्रमंत्र्यांचं संयुक्त निवेदन निघालं. त्यात तोच निकाल 'पाळला जावा' अशी भाषा आली. मधल्या काळात समुद्र कायदा बदलला नव्हता. गलवान झालं होतं. एका क्रियापदात सात वर्षांचं परराष्ट्र धोरण मावतं, आणि असा शब्द बसायचा तर मुळात तो निकाल असावा लागतो.

मोडणाऱ्यालाही किंमत पडते, फक्त बिल उशिरा येतं आणि बहुधा दुसऱ्याच्या हातून येतं. नाटोने १९९९ मध्ये कोसोव्हो या सर्बियातल्या प्रांतासाठी सर्बियावर बाँब टाकले, तेव्हा सुरक्षा परिषदेची परवानगी नव्हती. २००८ मध्ये कोसोव्होने स्वातंत्र्य जाहीर केलं. सर्बियाच्या आग्रहावरून प्रश्न हेगला गेला. अशा घोषणेने आंतरराष्ट्रीय कायद्याचा भंग होत नाही, असा युक्तिवाद अमेरिकेने लेखी केला आणि २०१० मध्ये न्यायालयाचं सल्लामत, म्हणजे बंधनकारक नसलेलं मत, त्याच दिशेने गेलं. हे एक वेगळंच प्रकरण आहे, याचा दाखला इतरांनी घेऊ नये, असं पाश्चात्त्य देश बजावत राहिले. मार्च २०१४ मध्ये युक्रेनमधल्या क्रिमियाने स्वातंत्र्य जाहीर केलं, तेव्हा घोषणेच्या मजकुरातच हेगच्या त्या सल्लामताचा हवाला होता, आणि काही दिवसांनी पुतिन यांनी भाषणात अमेरिकेच्या त्याच लेखी निवेदनातला उतारा वाचून दाखवला. 'याचा दाखला घेऊ नये' हे वाक्य मसुद्यात दिसलं की मला अजूनही हसू येतं. दाखला कुणी घ्यायचा, हे घेणारा ठरवतो.

फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर चाल करतानाही रशियाने कलम ५१ चा, म्हणजे स्वसंरक्षणाच्या हक्काचा आधार घेतला आणि तसं सुरक्षा परिषदेला कळवलं. कायद्याला काहीच अर्थ नसता, तर ही तसदी कशाला घेतली असती? माझा अनुभव असा की आमचा सल्ला पुष्कळदा निर्णय झाल्यावरच विचारला जातो. "करायचं ठरलंय, आता कलम शोधा." ऐकायला वाईट वाटतं, आणि आहेच. पण एकदा कलम शोधून कागदावर दिलं, की त्या देशाला त्या कलमाच्या चौकटीत बोलावं लागतं: हल्ला झाला होता का, धोका तातडीचा होता का, उत्तर प्रमाणात होतं का. या प्रत्येक प्रश्नावर त्याला पकडता येतं.

उलट, कायदा नसताना झुकल्याची उदाहरणंही आहेत आणि ती आपल्या घरची आहेत. संयुक्त राष्ट्रांनी घातलेले निर्बंधच आम्ही मानतो, एखाद्या देशाने परस्पर घातलेले नाही, ही भारताची जुनी भूमिका. तरी अमेरिकेने सवलत संपवल्यावर मे २०१९ पासून आपण इराणचं तेल घेणं थांबवलं. रशियाच्या तेलाबाबत मात्र २०२२ नंतर आपण ते भरभरून घेतलं. युद्धाआधी आपल्या आयातीत ते नगण्य होतं, दोनेक वर्षांत एक तृतीयांशाच्या पुढे गेलं. दोन्ही वेळी कायदा तोच होता. पहिल्या वेळी डॉलरचा दरवाजा बंद होण्याची भीती होती. दुसऱ्या वेळी बाजारातून रशियन तेल नाहीसं व्हावं असं पाश्चात्त्यांनाही वाटत नव्हतं, त्यांना फक्त भाव खाली ठेवायचा होता. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने त्यावरून २५ टक्के जादा शुल्क लावलं, तेव्हा हिशेब पुन्हा मांडावा लागला. इथे बेलिफ होता. फक्त तो कुठल्याच न्यायालयाचा नव्हता.

आणि कधीकधी झोपलेला कायदा अचानक उठून बसतो. फिलिपीन्सचे दुतेर्ते राष्ट्राध्यक्ष असताना त्यांनी देशाला आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयातून (हेही हेगमधलंच, पण देशांवर नव्हे, व्यक्तींवर खटले चालवणारं) बाहेर काढलं आणि २०१९ मध्ये ते अमलात आलं. त्यांना आता कुणी हात लावणार नाही, असं सगळ्यांनाच वाटत होतं. पुढे त्यांच्या कुटुंबाचं आणि नव्या राष्ट्राध्यक्षांचं फाटलं. मार्च २०२५ मध्ये मनिला विमानतळावर त्यांना अटक झाली आणि त्याच दिवशी हेगकडे रवानगी. वॉरंट न्यायालयाचं होतं, हितसंबंध मनिलातले होते. दोन्हींपैकी एक नसतं, तर ते विमान उडालं नसतं.

शेवटी तुमच्या प्रश्नाचा न विचारलेला भाग, जो मला हल्ली सगळ्यात जास्त विचारला जातो: सिंधू करार. पहलगामच्या हल्ल्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये भारताने १९६० चा हा करार स्थगित ठेवला. पाकिस्तान म्हणतो, करारात एकतर्फी थांबवायचं कलमच नाही. हे खरं आहे. करार संपवायचा तर दोघांनी मिळून नवा करार करावा लागतो. भारत म्हणतो, परिस्थिती मुळापासून बदलली आणि समोरून दहशतवाद चालू असताना सद्भावाने करार चालवता येत नाही. जूनमध्ये याच कराराखाली बसलेल्या लवाद न्यायालयाने सांगितलं की स्थगितीमुळे आमचा अधिकार जात नाही. भारत ते न्यायालय मुळातच वैध मानत नाही, त्यामुळे आपण तेही फेटाळलं.

माझं मत विचाराल, तर रागाचं कारण रास्त आहे आणि कायद्याची बाजू आपण म्हणतो तितकी भक्कम नाही. पण अभिप्राय लिहायला बसलो, तर मी पाकिस्तानच्या आधी ब्रह्मपुत्रेचा विचार करीन. तिथे वरच्या अंगाला चीन आहे आणि त्याच्याशी आपला पाणीवाटपाचा कुठलाच करार नाही. खालच्या अंगाचा देश म्हणून तिथे आपल्याला रूढ कायद्याचाच आधार मागावा लागणार. सिंधूवर आपण जे वाक्य लिहितो, ते बीजिंगमध्ये कुणीतरी फायलीला लावून ठेवत असणार. म्हणून भारताच्या पत्रात निवडलेला शब्द मला महत्त्वाचा वाटतो. 'संपुष्टात आणला' असं त्यात नाही. करार रद्द करताना किंवा निलंबित करताना वापरतात तो ठरलेला शब्दही नाही. 'स्थगित ठेवला' असं आहे, आणि किती काळ, तर पाकिस्तान दहशतवादाला पाठबळ देणं सोडेपर्यंत. मसुदा करणाऱ्याने परत यायची वाट शाबूत ठेवली आहे. ती वाट कुणासाठी ठेवली, याचं उत्तर सिंधूपेक्षा ब्रह्मपुत्रेच्या काठी जास्त सापडेल, असा माझा अंदाज आहे.